बोर्ड ठरेपर्यंत

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याच्या, रेइनोच्या, अक्षराची उंची चार मिलिमीटर होती. आता ती दीडवर आली आहे. हे मी अंदाजाने सांगत नाही. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काढल्यावर अंदाजाने काही सांगायची सवय राहत नाही. माझ्याकडे मोजपट्टी कोरलेलं एक जुनं भिंग आहे. ते कागदावर ठेवायचं आणि आकडा वाचायचा.

त्या मंगळवारी सकाळीही मी तेच करत होते. रेइनो जेवणाच्या टेबलाशी बसून नवा तक्ता आखत होता आणि त्याचा कालचा कागद माझ्या भिंगाखाली होता.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

"काही नाही. इथला पाच तीनसारखा दिसतोय."

"मग तीन समज. स्वस्त पडेल."

तक्ता मदरबोर्डांचा होता. घरी संगणक जोडायचा तर सगळं त्या एका पाटीवर येऊन थांबतं. प्रोसेसर तिच्यावर बसतो, मेमरी तिच्यात खोचतात, पंख्यांच्या ताराही तिलाच लागतात. पाटी ठरल्याशिवाय बाकीच्या वस्तू म्हणजे नुसती खोकी. आमच्याकडे ती खोकी गेल्या वसंतापासून पडून होती. खिडकीखाली गुडघ्याएवढी काळी पेटी, तिच्यावर वीजपुरवठ्याचा डबा, हाताच्या पंजाएवढा पंखा, मेमरी, आणि काड्यापेटीहून जरा मोठ्या खोक्यातला प्रोसेसर. बोर्ड तेवढा ठरत नव्हता.

रेइनोच्या अटी दोनच होत्या. बोर्ड एकशे वीस डॉलरच्या आत हवा आणि त्याचा आवाज नको. ज्या बोर्डावर स्वतःचा चिमुकला पंखा असेल तो बाद. ज्यावर पंख्यांचा वेग हवा तितका उतरवता येत नाही तोही बाद. काही बोर्डांच्या गुंडाळ्या वीज वाहताना बारीक किणकिणतात. घेणाऱ्यांच्या तक्रारी वाचून तो असे बोर्ड शोधून काढायचा आणि त्यांच्यापुढे फुली मारायचा.

कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं त्याने दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं दुरुस्त केली. निवृत्त होताना गिरणीने त्याला एक घड्याळ दिलं आणि कानात एक शिट्टी दिली. कान तपासले तेव्हा मी काचेच्या बाहेर बसले होते. ती शिट्टी सहा हजार हर्ट्झच्या आसपास आहे, दिवसरात्र वाजते आणि जाणार नाही, असं तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं. म्हणजे जगातला सर्वांत शांत संगणक समोर ठेवला तरी रेइनोला शांतता ऐकू येणार नव्हती. मला हे तेव्हाच कळलं. त्यालाही कळलं असणार. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "यंत्राने त्यात भर घालू नये, बस."

"छोट्या पंख्याचा हा बोर्ड बाद," आता तो म्हणाला. "लक्षात ठेव."

"ठेवते."

कालही तो हेच म्हणाला होता. परवाही. आधी त्याचे हात थरथरू लागले, मग पाय जड झाले, मग मधूनच एखादा दिवस त्याच्या हातून निसटू लागला. डॉक्टरांनी हे सगळं या क्रमाने होईल असं सांगितलंच होतं. त्यामुळे तो रोज सकाळी नवा कागद घेऊन पहिल्यापासून सुरुवात करतो, याचंही मला नवल वाटलं नव्हतं. मी ते कागद तारखा घालून फाइलला लावत होते. त्या दिवशी दोनशे अकरा झाले. पहिल्या कागदांवर नऊ रकाने होते. नाताळाच्या सुमारास पाच राहिले. आता तीन.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"मिसेस लेहतिनेन? मी थेरिओ बोलतेय, वृद्धनिवासांच्या यादीचं काम बघते. तुमच्या नवऱ्यासाठी टेकडीवरच्या निवासात एक खाट रिकामी झालीय."

मी रेइनोकडे पाहिलं. काम करताना तो श्रवणयंत्रं काढून बशीत ठेवतो. तशी ती बशीत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शुक्रवारी आणलंत तरी चालेल. दोघांची खोली आहे. कपडे, एखादी खुर्ची, फोटो, जे हवं ते आणा. फक्त आवाज करणारं काही नको. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना सहन होत नाही."

"मला विचार करायला हवा."

"चोवीस तास आहेत तुमच्याकडे. नियमच आहे तसा. मला आवडतो असं नाही. नाही म्हणालात तर नाव यादीतून निघेल आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. तुम्ही किती महिने थांबलायत?"

"एकोणीस."

"हो ना," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या दहा वीसपर्यंत कळवा मला."

हाताशी जो कागद होता त्यावर मी लिहिलं: *खाट. टेकडी. उद्या १०:२० पर्यंत.* फोनवर कुणी वेळ सांगितली की ती लिहायची, ही प्रयोगशाळेतली सवय. कागद फोनशेजारीच राहिला.

"कोण होतं?" रेइनोने विचारलं.

"पाणीखात्यातलं कुणीतरी. जुनी नोंद हवी होती."

"तुझ्यावाचून त्यांचं पाणीसुद्धा उकळत नाही," तो म्हणाला आणि पट्टीने तिसरा रकाना आखू लागला. पट्टी सरकली. रेघ टेबलावर गेली.

टेकडीवरची ती जागा आम्ही ऑक्टोबरमध्ये पाहून आलो होतो. तिथल्या बाई जेवणाच्या वेळा सांगत होत्या आणि रेइनोने खिशातून मोजपट्टी काढून खाटेशेजारचं टेबल मोजलं होतं. "सोळा," तो म्हणाला होता. तो सगळीकडे काहीतरी मोजतोच, म्हणून मी बाईंकडे बघून ओशाळं हसले होते.

ऑक्टोबरनंतर तो तीनदा पडला. दुसऱ्या वेळी त्याला उचलताना माझा खांदा निखळला, आणि आम्ही दोघंही न्हाणीघराच्या फरशीवर पन्नास मिनिटं पडून होतो. मला मिनिटं माहीत आहेत, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्या पन्नास मिनिटांत तो एकदाच बोलला. "तुला थंडी वाजतेय का?"

त्या दिवशीच मी ठरवायला हवं होतं. पण यादी अजून खूप लांब होती, आणि लांबच्या यादीचा एक आधार असतो. तिच्यात नाव असलं की माणसाला काही ठरवावं लागत नाही.

बाराच्या सुमारास गॉर्डी आला. तो शेजारी राहतो. गिरणीत रेइनोच्याच पाळीला बॉयलरवर होता. आमच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून, बूट आपटत तो आत आला. हातात गुलाबी साखरेचा थर दिलेल्या, पर्शियन नावाच्या गोड पावांचं खोकं होतं.

"काय रे म्हाताऱ्या, ठरला का तुझा बोर्ड? आपल्या गिरणीत नवा बॉयलर बसला तो याच्याहून कमी वेळात."

रेइनोने श्रवणयंत्रं कानात घातली. एक घालायला त्याला दोन मिनिटं लागतात. गॉर्डी तेवढा वेळ खोक्याची दोरी सोडत बसला.

"आणि सहा महिन्यांत गळायला लागला," रेइनो म्हणाला.

"ऐकू आलं होय तुला! मग दुकानात जा, तयार डबा उचल आणि घरी ये. माझ्या पुतणीने घेतला तसा. अर्धा तास लागला तिला."

"तयार डबा ओरडतो."

"मीही ओरडतो. मला घरात घेतोसच ना?"

"तुला बंद करता येत नाही म्हणून."

गॉर्डी मोठ्याने हसला. तक्त्यावरच्या तिसऱ्या रकान्यावर त्याने साखर लागलेलं बोट ठेवलं. "हा बघ. चिमुकला आहे, गोंडस आहे. हा घे. ही शवपेटीएवढी पेटी तरी जाईल इथनं."

"बोट काढ. लहान बोर्ड म्हणजे लहान पेटी. लहान पेटी म्हणजे लहान पंखा. लहान पंख्याला जोरात पळावं लागतं, म्हणजे आवाज. शिवाय तीस डॉलर जास्त." त्याचा श्वास थोडा वर लागला होता. "लहान बोर्ड माझ्या घरात येणार नाही."

"मग तक्त्यात कशाला घेतलास?"

रेइनोने खोक्याकडे हात नेला. पर्शियनचा तुकडा तोंडाकडे नेताना हात इतका हलला की साखर छातीवर सांडली. गॉर्डीने आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

गॉर्डी कप ठेवायला माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. मी नळ सोडला आणि फोनवरचं सगळं त्याला सांगितलं.

"उद्या दहापर्यंत?" तो म्हणाला. "आणि त्याला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"आयली, मी काय सांगू? तो माझा मित्र आहे. त्याला तिकडं पाठव असं माझ्या तोंडून निघणार नाही." मग तो थोडा वेळ कप पुसत राहिला. "पण तिसऱ्या वेळी मी त्याला उचललं ना, तेव्हा माझ्याच पाठीत काहीतरी कडकन वाजलं. मी बहात्तर वर्षांचा आहे. चौथ्यांदा बोलवू नकोस असं नाही म्हणत मी. ये म्हणालीस तर येईनच. फक्त वर उचलला जाईलच, असं नाही सांगता येत."

"माहीत आहे."

"तुझा खांदा कसाय?"

"आहे तसाच."

तो निघता निघता दारात थांबला. "एक विचारू? जूनमध्ये एक बोर्ड आला होता ना त्याचा? मीच आणून दिला होता पोस्टातून. त्याचं काय झालं?"

"चुकीचा निघाला. परत पाठवला."

"कुणी पाठवला?"

"तूच नेला असशील."

"मी नाही नेला," गॉर्डी म्हणाला. "आणि तुमच्याकडं दुसरं कोण आहे न्यायला?"

जूनमध्ये तो बोर्ड आला त्या दुपारी मी माझ्या डोळ्यांच्या तपासणीला गेले होते. परतले तर टेबल स्वच्छ होतं. "बोर्ड चुकीचा आलाय, परत पाठवला," रेइनो म्हणाला होता. जुलैपासून तक्ते पुन्हा सुरू झाले. कोणी नेला, कधी नेला, हे मी विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्याची नोंद अशी अर्धवट असती तर मी पुढचं पानही उलटलं नसतं.

जेवणानंतर रेइनो झोपला तेव्हा मी तळघरात उतरले. तिथे आमची सौना, वाफेने अंग शेकायची लाकडी खोली आहे. पायऱ्यांमुळे सप्टेंबरपासून ती पेटवली नव्हती. जूनमध्ये तो अजून पायऱ्या उतरत होता. मला फार शोधावं लागलं नाही. खालच्या बाकाखाली, जुन्या टॉवेलांच्या मागे, खोकं होतं. बोर्ड मोठा, पूर्ण आकाराचा होता. जूनमधल्या तक्त्यावर त्याने ज्याच्याभोवती दोनदा गोल काढला होता तोच.

प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनावर काळं झाकण नीट लावलेलं होतं. मी ते काढलं. आत केसाहून बारीक पिनांचं शेत असतं, सगळ्या एका दिशेला झुकलेल्या, सगळ्या एका उंचीच्या. प्रोसेसर त्यांच्यावर अलगद सोडायचा असतो. हात सरळ खाली यायला हवा. हात हलला आणि प्रोसेसर कोपऱ्यावर टेकून घसरला की पिना आडव्या होतात. मग तो बोर्ड कचऱ्यात. दुकानदारही परत घेत नाही.

दिवा जवळ ओढून मी भिंग लावलं. डाव्या कोपऱ्यात सदतीस पिना आडव्या होत्या. त्यातल्या नऊ कुणीतरी पुन्हा उभ्या करायचा प्रयत्न केला होता. नववीच्या शेजारची मुळातून तुटली होती. खोक्याच्या तळाशी माझ्या शिवणाच्या डब्यातली सुई होती. ती मी उन्हाळाभर शोधत होते.

याच हातांनी त्याने एकदा गिरणीतल्या दाबमापकाची केसाएवढी स्प्रिंग, बाजूला वाफ सुटलेली असताना, अकरा मिनिटांत बदलली होती. ती गोष्ट गॉर्डी अजून सांगतो.

मी बाकावर बसले. दोनशे अकरा कागदांचा मी लावलेला अर्थ चुकीचा होता. तो विसरत नव्हता. म्हणजे कधी कधी विसरतही असेल, पण रोजचा तक्ता त्यातून येत नव्हता. बोर्ड ठरला की तो मागवावा लागेल, मागवला की जोडावा लागेल, आणि जोडायला माझ्यासमोर हात टेबलावर ठेवावे लागतील. बोर्ड ठरत नाही तोवर तो संगणक जोडणारा माणूस होता. जून ते फेब्रुवारी, आठ महिने त्याने हे एकट्याने सांभाळलं होतं. मी त्याच्यासमोर बसून अक्षरांची उंची मोजत होते.

मी झाकण लावलं, सुई होती तिथेच ठेवली आणि टॉवेल पुन्हा पुढे ओढले. वर आले तेव्हा काय करायचं हे मला सकाळपेक्षाही कमी कळत होतं. तळघरातलं ते पाहिल्यावर त्याला या टेबलापासून उठवायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आणि रात्री तो पडला तर उचलायची ताकदही नव्हती.

संध्याकाळी मी माशाचं सूप केलं. त्याच्या वाटीत कमीच वाढलं, म्हणजे सांडणार नाही.

"गॉर्डी काय म्हणत होता आत?" त्याने विचारलं.

"बर्फ फार पडलाय म्हणाला."

"एवढा वेळ लागला बर्फ सांगायला?"

मी पाव कापत राहिले.

बुधवारी सकाळी उठले तेव्हा तो माझ्याआधी टेबलाशी पोचला होता. चालायची काठी खुर्चीला टेकलेली होती. असं गेल्या दोन महिन्यांत झालं नव्हतं. मी कॉफी ठेवली, त्याच्या गोळ्या मोजून दिल्या, फरशी पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. दहा वाजले. फोनशेजारी कागद नव्हता.

तो टेबलावर होता, त्याच्या मोजपट्टीखाली. *खाट. टेकडी. उद्या १०:२० पर्यंत.* माझं अक्षर साडेतीन मिलिमीटर, ठळक, न हललेलं. चष्म्याशिवायही वाचता आलं असतं.

मी समोर बसले. नव्या कागदावर दोनच रकाने होते. एक मोठ्या बोर्डाचा, एक लहान.

रेइनोने बशीतलं एक श्रवणयंत्र उचललं. ते कानाशी नेलं, निसटलं, पुन्हा उचललं. मी हात पुढे केला नाही. मग दुसरं. भिंतीवर दहा वाजून अकरा मिनिटं झाली.

"मोठा बोर्ड चांगला आहे," तो म्हणाला. "मोठी पेटी, मोठा पंखा. हळू फिरतो."

"हो."

"एकशे वीसच्या आत बसतो."

"हो, रेइनो."

"सौनात खाली एक पडलाय. तो टाकून दे."

त्याने हात टेबलावर ठेवले, दोन्ही, पंजे उघडे, कागदावर. ते हलत होते. त्यांच्याखाली कागद खसखसत होता, आणि तो आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"जोडायचं काम गॉर्डीला सांग. त्याची बोटं सॉसेजसारखी आहेत, पण हलत नाहीत. मी बाजूला बसून शिव्या देईन."

"बरं."

"त्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आवाज चालत नाही, म्हणालीस ना तू?"

"मी नाही म्हणाले. त्या बाई म्हणाल्या." मग मला उमगलं की हे मी त्याला सांगितलेलंच नव्हतं. "रेइनो, तुला फोनमधलं कसं ऐकू आलं? यंत्रं तर बशीत होती."

"गॉर्डीने सांगितलं. सकाळी पायऱ्या झाडायला आला होता, तू न्हाणीघरात होतीस. तुला सांगू नको म्हणाला. गाढव आहे." तो कागदाकडे बघत राहिला. "रडत होता. बॉयलरवरचा माणूस."

दहा वाजून सोळा मिनिटं झाली. मी फोन टेबलावर आणून ठेवला, त्याच्या आणि माझ्या मधे. आकडे दाबायला बोट उचललं आणि तसंच राहू दिलं. माझ्याने ते होणार नव्हतं. त्याने ते पाहिलं. मग पेन्सिल मुठीत धरून, लहान मूल धरतं तशी, त्याने मोठ्या बोर्डाच्या रकान्यावर एक आडवी रेघ ओढली. ती वाकडी गेली, पण रकाना खोडला गेला.

"लहान बोर्ड घे, आयली," तो म्हणाला. "पंखा हळू ठेवू. तिथलं टेबल सोळाच इंचांचं आहे."